आरोग्यखर्चाचे आकडे देणारी संकेतस्थळं: विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

विशाखा_प
आरोग्यावरच्या एकूण खर्चातला किती वाटा भारतातले लोक स्वतःच्या खिशातून भरतात, हे शोधत होते. एका संकेतस्थळावर ६४.२ टक्के, दुसऱ्यावर ३९.४. दोन्ही आकडे राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचेच, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबाचेच! पहिला २०१३-१४ चा, दुसरा २०२१-२२ चा. वर्ष मात्र एकाही पानावर नाही.

आरोग्यविषयक मजकूर जोखायला ‘डिस्कर्न’ ही १६ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. माहिती कुठून घेतली, कधीची आहे, हे ती विचारते. पण खर्च मोजला तो कोणाचा, हे विचारत नाही. डायलिसिस मोफत असलं तरी आठवड्यातून तीनदा तालुक्याला जायचं म्हणजे दोघांचं एसटीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आलीच. हा खर्च धरला की नाही, हे न सांगणारं पान मी बाद धरते. पानामागे पैसा कोणाचा, हे लपवणारंही.

शिरीष७१
साफ असहमत. मार्च २०१८ मध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. बिलात औषधलेपित स्टेंटचे २९,६०० लावलेले. रात्री साडेअकराला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर एक पान सापडलं. लेखकाचं नाव नाही, पैसा कोणाचा त्याचा पत्ता नाही. पण १२ फेब्रुवारीच्या सरकारी आदेशाने अशा स्टेंटची कमाल किंमत जीएसटी वगळून २७,८९० झाली, एवढं त्यावर होतं. सकाळी खिडकीवर ते दाखवलं आणि बिल दुरुस्त करून मिळालं. तुमच्या चाळणीतून हे पान खालीच पडलं असतं. अडलेल्या माणसाला आकडा हवा असतो हो, प्रबंध नको.

विशाखा_प
@शिरीष, ते पान कामी आलं ते त्यावर तारीख आणि आदेश होता म्हणूनच ना? २९,६०० ही फेब्रुवारी २०१७ ची मर्यादा. बिनतारखेचं जुनं पान हाती लागलं असतं, तर बिल बरोबर समजून तुम्ही पैसे भरून मोकळे झाला असता.

आकडेमोड
विशाखाताईंशी सहमत. शिक्क्यांवरही विसंबू नका. आरोग्य संकेतस्थळांना विश्वासार्हतेचं ‘हॉन कोड’ हे प्रमाणपत्र देणारी जिनिव्हाची संस्था २०२२ मध्ये बंद झाली. तिचा शिक्का अजून कुठे दिसला तर त्यामागे आज तपासणारं कोणी नाही. दुसरं म्हणजे, सरकारी आरोग्यसेवेने कोणत्या उपचारावर पैसे खर्चावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने उपचारातून मिळणाऱ्या पूर्ण निरोगी आयुष्याच्या एका वर्षासाठी २०,००० ते ३०,००० पौंड खर्च चालेल, ही पट्टी कित्येक वर्षं वापरली. तिचे सरळ रुपये करून ‘हा उपचार परवडतो’ म्हणणारी पानं मला धोक्याची वाटतात. ती पट्टी तिथल्या सरकारी तिजोरीची, आपल्या जिल्हा रुग्णालयाची नव्हे.

शिरीष७१
तारखेचं मान्य, मागे घेतो. पैशाचं नाही. औषध कंपनीच्या पैशावर चाललेल्या पानावरचा आकडाही बरोबर असू शकतो. आकडा तपासा, मालक कशाला?

विशाखा_प
कारण आकडा बरोबर असूनही तुलना सोयीची निवडता येते. नवं औषध ‘स्वस्त’ ठरतं ते कशाच्या तुलनेत? महागड्या ब्रँडशेजारी ठेवलं तर स्वस्त, त्याच कामाच्या जेनेरिक गोळीशेजारी ठेवलं तर महाग. जेनेरिकचा रकाना तक्त्यात का नाही, हे विचारायचं सुचायला पैसे कोणी दिले ते आधी दिसावं लागतं.