लंडन ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

प्रश्न: अंतर साधारण ५,५५० किमी. ताशी ९०० किमी धरले तर सव्वासहा तास होतात. तिकिटावर मात्र जाताना आठ आणि येताना सात तास दिसतात. असं का?

उत्तर १: ९०० हा हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. समोरून ताशी १३० किमीचा वारा असेल तर उरतात ७७० आणि नुसत्या उड्डाणालाच सव्वासात तास लागतात. हिवाळ्यात हा वारा आणखी जोरात असतो, त्यामुळे फरक वाढतो.

उत्तर २: शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरल्यावर पार्किंग, सगळं त्यातच.

उत्तर ३: हिशेब स्थानिक वेळेवरून करताय ना? सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोहोचलात तर ३ अधिक दोन्हीकडच्या घड्याळांतल्या फरकाचे ५, म्हणजे आठ तास. मार्चमध्ये जपून! अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या काळात फरक चारच तासांचा असतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर हे आधी तपासाच.

प्रश्नकर्ता: मी वाऱ्याचा विचारच केला नव्हता. आभार!