जर्मन सी-वनचं लेखन: चुका कमी, पण मजकूर चिकटवल्यासारखा. मदत हवी आहे

नमस्कार. मी लातूरची. गोएथे संस्थेची जर्मनची बी-टू परीक्षा झाली, आता तिच्या वरच्या पातळीची, सी-वनची तयारी चालू आहे. वाचणं-ऐकणं जमतंय, गाडी अडलीय ती लेखनात. 75 मिनिटांत दोन मजकूर लिहायचे: एक चर्चेतलं मत, साधारण 230 शब्दांचं, आणि एक औपचारिक निरोप, 120च्या आसपास. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात.

लातूर पॅटर्नची सवय, दुसरं काय! बारावीला सराव पेपर घोटले तसे इथंही चाळीस-पन्नास ठरीव वाक्यं पाठ केली. परवा 'घरून काम' या विषयावर लिहिलं, तर चार वाक्यांची सुरुवात 'आउसरडेम'नंच, म्हणजे 'शिवाय'नं. बाईंनी खाली शेरा मारला, "हे तुम्ही लिहिलंय असं वाटत नाही." वर दोन जागी लाल गोल. एक 'एंटशाइडुंग नेमेन', दुसरा 'प्र्यूफुंग गेबेन'. आपण निर्णय घेतो, परीक्षा देतो, ते मी जसंच्या तसं जर्मनमध्ये नेलं होतं. तिकडं निर्णयाला 'ट्रेफेन' लागतं म्हणे.

शिवाय क्रियापदाऐवजी नामं वापरा, असंही सांगतात. 'वाइल डी प्राइझे श्टाइगेन' (किमती वाढतात म्हणून) याच्या जागी 'वेगेन श्टाइगेन्डर प्राइझे' (वाढत्या किमतींमुळे). सगळं तसं केलं तर मजकूर थेट शासनाच्या जीआरसारखा झाला! नेमकं किती करायचं? इकडं सी-वनचा क्लास मला सापडला नाही, आणि दर आठवड्याला पुण्याला माक्स म्युलर भवनात, म्हणजे गोएथेच्याच केंद्रात, जाणं परवडत नाही.

उत्तर (नांदेडकर): ताई, आधी ती पाठ केलेली वही बाजूला ठेवा. डीडब्ल्यूडीएस नावाचा ऑनलाइन कोश आहे, फुकट आहे. त्यात शब्द टाकला की 'वोर्टप्रोफील'मध्ये त्याच्यासोबत कोणती क्रियापदं येतात ते दिसतं. नाम एकटं लिहून घ्यायचंच नाही, क्रियापदासकट घ्यायचं.

जीआरचं म्हणाल तर कारण वाचणाऱ्याला आधीच माहीत असेल तिथं नाम वापरा, तुमचं स्वतःचं म्हणणं मात्र क्रियापदानंच मांडा. आणि दुसऱ्याचं मत सांगताना 'एर झाय क्रांक' (तो आजारी आहे म्हणे) हे रूप येतं ना, ते आपल्या 'म्हणे'च्या जवळचं समजा. फक्त 'म्हणे'तला खवचटपणा त्यात नाही. बोलणारा वेगळा, मी वेगळा, एवढंच ते सांगतं.

मी स्वतः एखादा छोटा लेख वाचून चारपाच शब्दांचं टिपण काढायचो, दुसऱ्या दिवशी त्यावरून लेख पुन्हा लिहायचो आणि मूळ लेखाशी ताडून बघायचो. पहिले काही दिवस लई वाईट वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती: दादा, आत्ताच 'प्र्यूफुंग' टाकून बघितलं. 'आबलेगेन' (परीक्षा देणं) दिसलं, 'बेश्टेएन' (पास होणं) पण दिसलं. 'गेबेन' कुठंच नाही. आज 'घरून काम' परत लिहिते, 'आउसरडेम' एकदाच वापरून. इथं टाकला तर बघाल का?