७० मिमी फॅनच्या जेटसाठी मोटर आणि बॅटरी कोणती घ्यावी?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. मी चार वर्षांपासून प्रोपेलरची मॉडेल विमाने उडवतो. आता ७० मिमी डक्टेड फॅनचे (नळीत बसवलेल्या पंख्याचे) फोमचे जेट बांधायला घेतले असून बॅटरीसह त्याचे वजन १.८ किलोपर्यंत जाईल. माझ्याकडे ४ सेलच्या, ४००० एमएएच क्षमतेच्या दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या असल्यामुळे ३००० केव्हीची मोटर घेऊन त्याच वापराव्यात, असा विचार होता. दुकानदार मात्र ६ सेल आणि २२०० केव्हीचा आग्रह धरतात. बॅटऱ्यांवर पुन्हा खर्च करणे खरोखर गरजेचे आहे का? आमच्याकडे धावपट्टी नाही. सोयाबीन निघाल्यानंतरच्या रानात विमान हातानेच सोडावे लागेल.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
खर्च करावा, असेच मी सांगेन. केव्ही म्हणजे ताकद नव्हे. भार नसताना दर व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे घेते, एवढेच तो आकडा सांगतो. सेल वाढले की व्होल्टेज वाढते, म्हणून खरा फरक प्रवाहात पडतो. १००० वॅट मिळवायला ४ सेलवर सुमारे ७० अँपिअर ओढावे लागतात, तर ६ सेलवर ४८ पुरतात. आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती निम्म्याहून कमी होते.

६ सेलचा पॅक दोनशे ग्रॅम जड पडून विमान दोन किलोचे होईल, हे खरे. पण चांगला फॅन ६ सेलवर दोन किलोच्या वर जोर देतो, ४ सेलवर तो साधारण दीड किलोपाशी थांबतो. प्रोपेलरची हवा शेपटीवरून वाहते, म्हणून ते विमान हातातून सुटताच आपले ऐकते. डक्टेड फॅनची हवा मागून निघून जाते आणि वेग येईपर्यंत एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) जवळजवळ निकामी असतो. ते दोन-तीन सेकंद निभावायला जोर शिल्लक हवा.

वेष्टनावरच्या सी रेटिंगवर (बॅटरी किती प्रवाह देऊ शकते त्या आकड्यावर) विसंबू नका. चार्जरवर अंतर्गत रोध मोजा. ७५ अँपिअर ओढताना सेलमागे ३ मिलीओहम रोध असेल तर सहा सेल मिळून १.३५ व्होल्ट पडतात, १० मिलीओहम असेल तर तब्बल ४.५ व्होल्ट. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) १०० अँपिअरची घ्या आणि कनेक्टर एक्सटी ९०, कारण एक्सटी ६० हा ६० अँपिअरसाठीच आहे.

उत्तर २ (परभणी)
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र आपल्याकडचा उन्हाळा हिशेबात धरलाच पाहिजे. पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते आणि लातूरची उंची धरता तेवढ्याच फेऱ्यांत फॅनचा जोर समुद्रसपाटीवरील थंड हवेच्या तुलनेत १४-१५ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उडवून मोकळे व्हावे.

गेल्या मे महिन्यात मी उतरवलेली गरम बॅटरी निवू न देता चार्जिंगला लावली. अर्ध्या तासात पॅकची बाजू उशीसारखी फुगली आणि गोडसर वास येऊ लागला. तो पॅक मला कायमचा बाद करावा लागला. बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबा, बंद गाडीत ठेवू नका आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

उत्तर ३ (नांदेड)
सोयाबीनचे रान म्हणता, तर एक सांगतो. उतरताना काडाचा बोटभर तुकडा माझ्या फॅनमध्ये ओढला गेला आणि एका पात्याला नखाएवढा खाच पडला. पुढच्या वेळी मोटर चालू करताच सबंध विमान थरथरू लागले. उतरताना जमीन जवळ आली की थ्रॉटल पूर्ण बंद करा. सोडण्यासाठी हातापेक्षा रबरी दोर बरा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. ६ सेलच घेतो. जुन्या बॅटऱ्या ट्रेनरला (सरावाच्या विमानाला) उपयोगी पडतील. ४००० एमएएचवर टायमर किती मिनिटांचा लावावा?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
पॅकमधले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ३२०० एमएएच. सरासरी ५० अँपिअर धरल्यास पावणेचार मिनिटे येतात. सुरुवातीला तीन मिनिटांचा लावा, उतरल्यावर चार्जरवर किती एमएएच परत भरले ते पाहा आणि मगच वेळ वाढवा.