मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड, चार दिवस. सॅक फार जड होतेय, काय कमी करू?

मुक्ता_पुणे

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही दोघी रतनवाडी – रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड – तोलार खिंड – खिरेश्वर असा रेंज ट्रेक करतोय. चार दिवस, तीन मुक्काम. जाताना पुण्याहून गाडी करून रतनवाडीला, परतीला खुबी फाट्यावरून एसटी. रतनवाडीतून वाटाड्या घेणार आहोत. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान माझ्याकडे, दोघींचा शिधा (४.८ किलो) मैत्रिणीकडे. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून मोजली आहे:

सॅक ६० लिटर, रेन कव्हरसकट – २१५० ग्रॅम
तंबू, दोघींचा, डोम – २७५०
स्लीपिंग बॅग, सिंथेटिक – १६००
कॅरीमॅट, १० मिमी – ३८०
स्टोव्ह ११०, गॅस कॅनिस्टर ३८०, स्टीलचं पातेलं-झाकण ६५०, सांडशी १५०, ताट-वाटी-पेले ४१० – एकूण १७००
कपडे (अंगावरचे सोडून): दोन ट्रॅक पँट, तीन सुती टीशर्ट, स्वेटर, जॅकेट, तीन जोड मोजे, टॉवेल – २९००
पॉवर बँक (२०,००० एमएएच), हेडटॉर्च, चार्जर – ६२०
औषधं, साबण वगैरे – ७००
चपला – ४००
स्टीलच्या दोन बाटल्या, रिकाम्या – ७००

बेरीज १३.९ किलो. तीन लिटर पाणी भरलं की १६.९. माझं वजन ५६ किलो. नवीन घेण्यासाठी साधारण ८,००० रुपये आहेत. झोप नीट लागायला हवी आणि घेतलेली वस्तू चार-पाच वर्षं टिकायला हवी. अगदी कागदासारखं हलकं सामान नकोय. पुढच्या जूनमध्ये हिमाचलमधल्या हमटा पासचा विचार आहे, तर स्लीपिंग बॅग दोन्हीकडे चालेल अशी घ्यावी का? शूज आहेत, पाच वर्षांपूर्वीचे, फारसे न वापरलेले.

कातळवाट

मोजून यादी दिलीत हे फार चांगलं केलंत, आता नेमकं बोलता येईल. पाणी-शिधा धरून खांद्यावरचं वजन शरीराच्या पाव हिश्शाच्या आत असावं असा ढोबळ हिशेब धरतात. तुमच्या बाबतीत १४ किलो. तिथवर यायला खर्च जवळजवळ शून्य आहे. पैशाला हात लावण्याआधी हे करा.

बाटल्या: स्टीलच्या ठेवा घरी. पाण्याच्या विकत मिळणाऱ्या साध्या एक लिटरच्या तीन बाटल्या मिळून १०० ग्रॅमच्या आत बसतात. ६०० ग्रॅम इथेच गेले. तीन वेगवेगळ्या असाव्यात, म्हणजे एक चिरली तरी दोन लिटर पाणी शाबूत राहतं. दोन-तीन ट्रेकनंतर बदलायच्या.

कपडे: सुती टीशर्ट तिन्ही काढा. घामाने भिजलेलं सूत संध्याकाळी वाळत नाही आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा सुटला की तेच अंगाला गारठा देतं. पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा एक टीशर्ट अंगावर, एक सॅकमध्ये (१५० ग्रॅम). पूर्ण बाह्या अशासाठी की कारवीच्या रानात हात सोलवटतात. झोपायला एक ट्रॅक पँट ३५०, जॅकेट ५६०, मोजे दोन जोड १२०, कानटोपी आणि आतले कपडे २१०. स्वेटर नको, जॅकेटच्या आत दोन्ही टीशर्ट घातले की त्याचं काम होतं. टर्किश टॉवेलऐवजी पंचा घ्या. ११० ग्रॅम भरतो, तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो. सगळं मिळून १५०० ग्रॅम.

पॉवर बँक १०,००० ची पुरे, चार्जर घरी, फक्त केबल. ३३० ग्रॅममध्ये भागेल. औषधांची पाकिटं कापून मोजक्या गोळ्या घ्या, साबणाचा तुकडा न्या, अख्खी वडी नको. ४०० ग्रॅम पुष्कळ झाले. चपला रबरी, २५० ग्रॅमच्या. त्या सोडू नका, मुक्कामी पाय मोकळे होणं गरजेचं आहे.

सांडशी_आणि_पातेलं

स्वयंपाकाबद्दल मी लिहिते, कारण इथे लोक वजन वाचवायला जातात आणि उपाशी झोपतात.

पातेलं स्टीलचं नको, हिंडालियमचं दीड लिटरचं झाकणासकट घ्या, २६० ग्रॅमच्या आसपास भरतं. भांड्यांच्या दुकानात वजनकाटा असतोच. फार पातळ पत्र्याचं घेऊ नका. कॅनिस्टर स्टोव्हची आच मध्यभागी एकवटते आणि पातळ पत्र्यावर खिचडी तिथेच करपते. करपलेलं घासायला पाणी लागतं, आणि गडावर ते टाक्यातून वाहून आणावं लागतं. ताटं नकोत, एकेक खोलगट वाटी, चमचा आणि पेला, सगळं १८० ग्रॅम. सांडशी मात्र सोबत असू द्या. स्टोव्हच्या तीन पायांवर पातेलं मुळात डळमळीत असतं, त्याला फडक्याने धरायला गेलं की कलंडतं.

गॅसचा हिशेब: झाकण ठेवून आणि वारा अडवून एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. उघड्या वाऱ्यात हाच आकडा सहज दुप्पट होतो. दोघींचा दोन वेळचा चहा, सकाळचे पोहे किंवा उपमा असं धरून दिवसाला अडीच लिटर, म्हणजे ३७ ग्रॅम. खिचडीचे २५ धरा. तीन मुक्कामांचे झाले १८५ ग्रॅम. २३० चं एक कॅनिस्टर पुरतं, दुसरं नको. खिचडीचे डाळ-तांदूळ तासभर भिजवा, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजवा, मग आच बंद करून पातेलं जॅकेटमध्ये गुंडाळून पंचवीस मिनिटं ठेवा. मूगडाळ मऊ होते. तूरडाळीच्या वाटेला जाऊ नका.

दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. वारा अडवायला स्टोव्हभोवती चारी बाजूंनी दगड किंवा पत्रा लावू नका, कॅनिस्टर तापतो आणि फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूला आणि थोडा लांब. आणि तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, आगीमुळेही आणि कार्बन मोनॉक्साइडमुळेही.

परतीला एसटी म्हणता आहात. उरलेला गॅस घेऊन एसटीत चढायचं नाही, रेल्वेतही नाही. गाडीच परत खिरेश्वरला बोलवा, आणि रिकामा कॅनिस्टर गडावर न टाकता त्याच गाडीने घरी आणा.

शिधा ४.८ किलो का? कुमशेत आणि पाचनईला आदल्या दिवशी निरोप दिला तर घरी जेवण मिळतं. हरिश्चंद्रगडावरही पिठलं-भाकरीची सोय होते. तेवढी जेवणं वगळून कोरडा शिधा ३ किलोवर आणा. गावात चार पैसेही जातात. एक खिचडी आणि चिक्की-फुटाणे मात्र जास्तीचे ठेवा.

घसारा

तंबूबद्दल. रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, कुमशेतला गावात राहता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर तंबू न नेता २७५० ग्रॅम सरळ वाचतील. फक्त ३ बाय ३ मीटरची हलकी ताडपत्री न्या.

कातळवाट

@घसारा, याला माझी हरकत आहे. डिसेंबरच्या शनिवारी त्या गुहा भरलेल्या असतात, आणि दोघीच आहेत म्हटल्यावर रात्री अकरा वाजता जागा शोधत फिरायची वेळ येऊ नये. तंबू असू द्या. तो एकटीने का वाहायचा, एवढाच प्रश्न आहे. आतला भाग आणि दांडे एकीकडे, बाहेरचं कापड आणि खिळे दुसरीकडे. पिशवी घरी ठेवा, बाहेरचं कापड तसंच कोंबलं तरी चालतं. शिवाय शिधा रोज कमी होतो, तंबू तेवढाच राहतो. म्हणून दुसऱ्या मुक्कामानंतर पुन्हा वाटणी करा, नाहीतर चौथ्या दिवशी तोलार खिंड उतरताना एकीची सॅक रिकामी आणि दुसरीचे गुडघे बोलायला लागलेले.

हमटा पास डोळ्यासमोर ठेवून लोक एक किलोचे, चालायच्या काठीवर उभे राहणारे तंबू सुचवतील. सह्याद्रीसाठी घेऊ नका. ते खिळ्यांच्या ताणावर उभे राहतात आणि आपल्या गडांवर चार बोटं मुरुमाखाली सलग कातळ असतो. खिळा जातच नाही. तुमचा डोम तंबू खिळ्यांशिवाय स्वतःच्या दांड्यांवर उभा राहतो, जड असला तरी इथे तोच बरोबर आहे. दोरी दगडाला बांधताना दोरीचा फास लहान दगडाला घाला आणि त्याच्या पुढे मोठा धोंडा दाबून ठेवा. धारदार बेसॉल्टवर दोरी घासली तर रात्रीत तुटते.

तंबूखाली जुना फ्लेक्स अंथरायची पद्धत आहे, पण फ्लेक्स चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या पुढे जातो. १०० मायक्रॉनचं साधं प्लास्टिक ९२ ग्रॅम भरतं. दोघींच्या तंबूखाली अडीच चौरस मीटर लागेल, म्हणजे २३० ग्रॅम. मैत्रिणीच्या सॅकमध्ये मावेल. तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा, बाहेर राहिलं तर दव गोळा होऊन आत झिरपतं.

घसारा

मुद्दा पटला. शनिवार-रविवार असेल तर तंबू न्या. कॅरीमॅटही तीच ठेवा. हवेच्या गाद्या मऊ खऱ्या, पण गुहेतल्या खडबडीत फरशीवर आणि बाभळीच्या काट्यावर एका रात्रीत बसतात. फोमला भोक पडलं तरी काही बिघडत नाही. फार तर १२० सेंटिमीटरवर कापा आणि पायाखाली रिकामी सॅक घ्या, सव्वाशे ग्रॅम वाचतात. थंडी सोसत नसेल तर कापू नका.

स्लीपिंग बॅग एकच दोन्हीकडे चालवू नका. बॅगेवर तीन आकडे असतात. त्यातला कम्फर्टचा आकडा बघायचा, तो प्रमाण बाईच्या झोपेवरून ठरवलेला असतो. लिमिटचा आकडा पुरुषाचा, आणि एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल इतकंच. दुकानदार बहुतेक वेळा लिमिट सांगतो. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात पारा १० च्या खाली उतरतो, ५ अंश कम्फर्टची सिंथेटिक बॅग एक किलोच्या आसपास मिळते आणि पुरते. हमट्यावर रात्री शून्याच्या आसपास जातं, त्या सहा दिवसांसाठी जाड बॅग भाड्याने मिळते. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण ओली झाली की फुगवटा जातो आणि ऊबही जाते. आपल्याकडे दवाने तंबू आतून पाझरतो, शिवाय पावसाळ्यात ती जपणं अवघड. माझं मत सिंथेटिकला.

सांडशी_आणि_पातेलं

सॅकविषयी: आत्ता बदलू नका. आधी सामान कमी करा, ते किती जागा घेतं पाहा, मग ४५-५० लिटरची घ्यायची का ते ठरवा. उलट क्रमाने गेलं की लहान सॅक येते आणि कॅरीमॅट, चपला, बाटल्या बाहेर लटकतात. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर लटकलेली वस्तू अडकते आणि तोल जातो. आडवी बांधलेली मॅट कारवीत प्रत्येक पावलाला ओढते, ती उभीच बांधा.

पुढे कधी घ्याल तेव्हा अंगाला निदान २१० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) आणि बुडाला ४२० डेनियरचं कापड बघा. बुड कातळावर आपटतं, तिथे हलकेपणा परवडत नाही. बाहेरचे जाळीचे खिसे कारवीत एका हंगामात फाटतात. मापाला मान खाली घालून मानेचं टोकदार हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यातलं अंतर मोजा. पट्टा त्या कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. बसला नाही तर सगळा भार खांद्यांवर येतो आणि दहा किलोही पंधरासारखे वाटतात.

कातळवाट

अजून एक राहिलं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पाच वर्षं न वापरलेले शूज. मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असेल तर हवेतल्या दमटपणाने ते आतून विरतं. वापरलं नाही तरी विरतं, उलट कपाटात बंद राहिल्याने जास्त. वरून कोरे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी तळवा सुटून पडतो. मधल्या थरात अंगठ्याचं नख जोरात रुतवा, आणि शूज दोन्ही हातांनी दुमडा. बारीक भेगा, चुरा किंवा चिकटपणा दिसला तर ते शूज गेले. तंबूच्या कापडाचा आतला लेपही असाच चिकट होऊन सोलपटतो. म्हणून ट्रेकनंतर तंबू सावलीत खडखडीत वाळवा आणि उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा, घट्ट पिशवीत नाही.

मुक्ता_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शूज तपासले. उजव्याच्या टाचेत नख रुतलं आणि पिवळा चुरा पडला, त्यामुळे ८,००० मधले पहिले पैसे तिकडे जाणार. स्लीपिंग बॅग या वेळी आहे तीच. सॅकही तीच.

नवा हिशेब: सॅक २१५०, तंबूचा आतला भाग आणि दांडे १५५०, स्लीपिंग बॅग १६००, मॅट ३८०, स्वयंपाक १०८०, कपडे १५००, पॉवर बँक वगैरे ३३०, औषधं ४००, चपला २५०, बाटल्या १००. एकूण ९.३ किलो. शिध्यातला एक किलो आणि तीन लिटर पाणी धरून १३.३. नवे शूज घेताना काय बघू? ट्रेकला पाच आठवडे आहेत.

कातळवाट

१३.३ उत्तम. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून बघा. लेस न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे, नाहीतर उतारावर अंगठ्याची नखं काळी होतात. तळवा मऊसर रबराचा हवा. कडक तळवा टिकतो जास्त, पण ओल्या कातळावर आणि सुट्या मुरुमाच्या घसाऱ्यावर धरत नाही. हा एक तळवा दोन वर्षं कमी टिकला तरी चालेल. मधला थर ईव्हीए नावाच्या फोमचा आहे का विचारा, तो दमटपणाने विरत नाही. वॉटरप्रूफ अस्तराची डिसेंबरात गरज नाही, पाय उलट घामेजतात.

पाच आठवड्यांत आतकरवाडीकडून सिंहगड निदान तीनदा चढा. पहिल्यांदा रिकाम्या हाताने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आठ किलो, मग तेरा. उतरताना कुठे घासतंय ते नीट बघा आणि ट्रेकच्या दिवशी त्या जागी आधीच कापडी चिकटपट्टी लावा. दोन मीटर नायलॉनची दोरी औषधांच्या डब्यात टाका. तळवा सुटलाच तर चवडा आणि कमान अशा दोन ठिकाणी गुंडाळून गाठ वरच्या बाजूला मारा. खाली मारलेली गाठ कातळावर तासाभरात झिजते.