आठवीतल्या मुलीचं भाषण आणि सखाराम गणेश देऊसकर

सेक्रेटरी: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. १५ ऑगस्टला मुलांची वक्तृत्व स्पर्धा क्लब हाउसमध्येच होईल. विषय : स्वातंत्र्यलढ्यातला विस्मरणात गेलेला लेखक. वेळ पाच मिनिटं. नावं गुरुवारपर्यंत द्यावीत.

बी-१०३: आमची लेक आठवीत आहे, तिचं नाव लिहून घ्या. तिला कोणीतरी वेगळं हवंय. मागच्या वर्षी तीन मुलांनी टिळकच घेतले होते. कोणी सुचवेल का?

ए-३०१: शिवरामपंत परांजपे? ‘काळ’ साप्ताहिकाचे कर्ते. भाषा जबरदस्त.

ए-५०४: परांजपे उत्तमच. पण माझं ऐकाल तर सखाराम गणेश देऊसकर घ्या.

बी-१०३: काका, हे नाव पहिल्यांदाच ऐकतेय.

बी-४०२: मीपण.

ए-५०४: म्हणूनच म्हटलं. जेवण झालं की सविस्तर लिहितो.

ए-५०४: झालं जेवण. आता थोडं लांबेल, सांभाळून घ्या.
मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, हे तुम्हाला माहीत आहे. खिळे जुळवायच्या काळापासून ते संगणकापर्यंत. बऱ्याच वर्षांपूर्वी श्रीअरविंदांवरच्या एका मराठी पुस्तकाची प्रूफं माझ्याकडे आली. त्यात एकच आडनाव तीन पानांत तीन तऱ्हांनी पडलं होतं. एकदा देवसकर, एकदा देउस्कर, एकदा देशकर. आता बरोबर कुठलं? लेखकाला फोन केला, तर ते म्हणाले, बंगाली लेखक आहे कोणीतरी, तुम्हाला वाटेल ते ठेवा. मला ते काही पटेना. बंगाल्याचं आडनाव ‘कर’नं कसं संपेल? म्हणून शोधायला लागलो आणि हा माणूस सापडला. कोकणातलं घराणं, देऊस गावावरून देऊसकर. जन्म १७ डिसेंबर १८६९चा, देवघरजवळच्या करौं गावातला. तेव्हा तो भाग बंगाल प्रांतात होता, आता झारखंडमध्ये येतो.

बी-४०२: देवघर म्हणजे वैद्यनाथाचं? आम्ही गेलो होतो. तिकडचे लोक म्हणतात खरं ज्योतिर्लिंग त्यांचंच. मी म्हटलं, आमचं परळीचं काय मग?

ए-५०४: तेच देवघर, काकू. परळीचा वाद सध्या बाजूला ठेवू.
सखाराम पाच वर्षांचा असताना आई गेली. आत्यानं वाढवलं. घरात मराठी आणि घराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली. आत्यानं त्याला मराठी वाचायची गोडी लावली, म्हणून तिकडं राहूनही त्याला शिवाजी, बाजीराव, रानडे परके राहिले नाहीत. देवघरात तेव्हा राजनारायण बसू राहत होते, श्रीअरविंदांचे आईकडचे आजोबा. अशा माणसांच्या सहवासात हा घडला. शिक्षण झालं तिथल्याच शाळेत आणि पुढं तिथंच शिक्षक म्हणून लागला.
नोकरी करता करता कलकत्त्याच्या ‘हितवादी’ साप्ताहिकात लिहायचा. देवघरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभाराविरुद्ध त्यात लिहिलं, आणि शाळेतली नोकरी गेली. मग तो कलकत्त्याला गेला आणि त्याच ‘हितवादी’त लागला. कशावर, माहीत आहे? प्रूफरीडर म्हणून.

सी-२०२: काका!! तुमचाच माणूस निघाला की.

ए-५०४: हो बौदी (आमच्या बंगाली वहिनींना मी असंच म्हणतो). ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. प्रूफं वाचणाऱ्याचं नाव पुस्तकावर कुठंच नसतं. ओली प्रूफं, हाताला शाई, उलटा पडलेला खिळा, निसटलेली वेलांटी. दिवसभर दुसऱ्याचं लिखाण डोळ्यांखालून घालायचं. त्या टेबलावरून हा माणूस त्याच पत्राच्या संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसला. आणि कुठल्या भाषेत? जी त्याच्या घरात बोलली जात नव्हती त्या भाषेत.

सेक्रेटरी: मध्येच येतोय, क्षमस्व. उद्या टाकी सफाई आहे, १० ते २ पाणी बंद राहील. कृपया सकाळी भरून ठेवावं.

बी-१०३: 👍 काका, पुढे सांगा. लेक माझ्या खांद्यावरून वाचतेय.

ए-५०४: १९०४च्या जून महिन्यात त्याचं मुख्य पुस्तक आलं. ‘देशेर कथा’, म्हणजे देशाची गोष्ट. तारीख नीट लक्षात ठेवायला सांग तिला. बंगालची फाळणी झाली १६ ऑक्टोबर १९०५ला, आणि बहिष्काराचा ठराव त्याच वर्षी ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या सभेत झाला. पुस्तक त्याच्या वर्षभर आधीचं. विणकर कसा बुडाला, शेतकऱ्याच्या घरात दाणा का उरत नाही, दुष्काळ पुन्हा पुन्हा का पडतो, इथला पैसा तिकडं कुठल्या वाटेनं जातो, हे सगळं आकड्यांसकट मांडलेलं. श्रीअरविंदांनी पुढं स्वच्छ लिहून ठेवलंय की स्वदेशीच्या चळवळीची मशागत या पुस्तकानं जेवढी केली तेवढी दुसऱ्या कशानंच केली नाही.

ए-३०१: काका, राग मानू नका, पण हे सगळं दादाभाई नौरोजींनी आधीच लिहिलं होतं ना? १९०१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहासही त्याच सुमाराचा. मग देऊसकरांनी नवीन काय केलं? इकडचं तिकडं केलं इतकंच.

ए-५०४: राग कसला? बरोबर प्रश्न आहे. दादाभाई, दत्त आणि भारताच्या गरिबीवर लिहिणारा इंग्रज विल्यम डिग्बी, तिघांचंही त्यानं घेतलंय आणि ते लपवलेलंही नाही. पण ही तिन्ही पुस्तकं इंग्रजीत होती. ती वाचणार वकील, प्रोफेसर आणि लंडनचे खासदार. शाळेतल्या पोराला, मुनीमजीला, गावातल्या पोस्टमास्तरला ती कुठून वाचता येणार? आकडा इंग्रजीत असला की तो अर्ज असतो. तोच आकडा आपल्या भाषेत वाचला की आपल्याच घरातली चोरी दिसते. हे काम त्यानं केलं. थोड्याच वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या, त्या काय उगाच?
आणि एक भाग तर त्याचा स्वतःचाच आहे. पुस्तकात ‘सम्मोहन चित्तविजय’ नावाचं प्रकरण आहे. इंग्रजांनी जमीन जिंकली, व्यापार जिंकला, पण सगळ्यात पक्की केली ती मनावरची पकड, असा त्याचा मुद्दा. शाळेतून, पुस्तकांतून तुम्ही मुळातच कमअस्सल आहात हे इतक्यांदा सांगायचं की पोरांना तेच खरं वाटू लागतं. १९०४ मध्ये हे लिहिलंय, विचार करा. आज मोठमोठ्या विद्यापीठांत या गोष्टीवर ग्रंथ निघतात. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप आली नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

ए-३०१: हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

ए-५०४: मागे कशाला घेतोस, प्रश्न विचारलास म्हणून तर सांगता आलं.

सी-२०२: मी एक सांगू? लहानपणी आजी आम्हाला झोपवताना बर्गी आले बर्गी आले असं गाणं म्हणायची. बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार. धान्य लुटणारे. मी लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना धक्काच बसला. 🙈 आणि बाबा मात्र रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ तोंडपाठ म्हणायचे. एकाच घरात दोन्ही. मला कधी विचारावंसं वाटलं नाही की बर्गींच्या भीतीत वाढलेल्या बंगालमध्ये शिवाजी आले कुठून.

ए-५०४: बौदी, तेच तर! देऊसकरांनी आणले. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४२ ते १७५१, त्यात गावंच्या गावं पोळली. दीडशे वर्षं तिकडं मराठा म्हणजे लुटारू. अशा मुलखात एका मराठी माणसानं उठून बंगालीत शिवाजीवर लिहायचं, याला छाती लागते. १९०४ मध्ये ‘शिवाजीर दीक्षा’ नावाची पुस्तिका त्यानं लिहिली, आणि तुमचे बाबा म्हणत ती कविता रवींद्रनाथांनी या पुस्तिकेसाठीच लिहिली होती.

सी-२०२: काय सांगता! ही कविता मी शंभर वेळा ऐकलीय. पुस्तिकेचं नाव एकदाही ऐकलं नाही.

ए-५०४: कविता राहिली, पुस्तिका गेली. आणि ‘स्वराज’ हा शब्द? आपल्याकडं तो शिवाजी महाराजांपासूनचा. श्रीअरविंदांच्या म्हणण्याप्रमाणं बंगालच्या राजकारणात तो आणला देऊसकरांनी, त्यांच्या शिवचरित्रातून. पुढं १९०६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाईंनी अध्यक्षपदावरून तोच शब्द उच्चारला आणि तो साऱ्या देशाचा झाला.

सी-२०२: पण काका, १९०६च्या शिवाजी उत्सवात भवानीची मूर्ती बसवून पूजा केली होती, टिळक आले होते तेव्हा. त्यावर मूर्तिपूजा न मानणारे ब्राह्मो समाजाचे लोक नाराज झाले, मुसलमानांनाही ते आपलं वाटलं नाही. हेही खरं आहे ना?

ए-५०४: खरं आहे. आणि हे झाकून ठेवायचं नाही, मुलीच्या भाषणातही आलं तरी चालेल. शिवाजी सगळ्यांचा म्हणायचं आणि मांडव एका पूजेचा घालायचा, ही चूक त्या पिढीकडून झाली. ‘देशेर कथा’मध्ये तसं नाही. विणकर बुडाला तेव्हा जात-धर्म बघून बुडाला नाही, आणि पुस्तकही तसं बघत नाही. माझ्या मते म्हणूनच ते जास्त टिकाऊ आहे.

बी-४०२: मग पुढे काय झालं त्यांचं? पकडलं का?

ए-५०४: त्याला नाही, पुस्तकाला पकडलं. पण त्याआधी एक गोष्ट झाली. डिसेंबर १९०७ला सुरतेला काँग्रेस फुटली. ‘हितवादी’च्या चालकांनी सांगितलं, टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहा. यानं साफ नकार दिला आणि राजीनामा दिला. पूर्वी मॅजिस्ट्रेटवर लिहिलं म्हणून नोकरी गेली, आता टिळकांवर लिहिलं नाही म्हणून गेली. हे वाक्य लेकीला घ्यायचं असेल तर घेऊ दे. 🙂
१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर यानं त्या खटल्यावरच बंगालीत पुस्तक लिहिलं. १९१० मध्ये सरकारनं ‘देशेर कथा’ आणि हे खटल्याचं पुस्तक, दोन्ही जप्त केली. २३ नोव्हेंबर १९१२ला करौंमध्येच तो गेला. त्रेचाळीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता.

बी-१०३: बापरे. वाईट वाटलं वाचून.

ए-३०१: काका, मी आता शोधत होतो तर बाबूराव विष्णु पराडकर हे नाव आलं. बनारसच्या ‘आज’चे संपादक. हे यांचे भाचे होते?

ए-५०४: हो, भाचेच. बरं झालं तू काढलंस, मी विसरलोच असतो. पराडकरही आपल्या सिंधुदुर्गाकडचे, जन्म मात्र बनारसचा. मामाच्या पुस्तकाचं हिंदी भाषांतर ‘देश की बात’ त्यांनीच केलं. हिंदी पत्रकारितेत त्यांना केवढा मान आहे! प्रेसिडेंटला ‘राष्ट्रपति’ म्हणायचं त्यांनी रुळवलं असं हिंदीवाले सांगतात. मामा बंगालीत, भाचा हिंदीत, आणि दोघांच्या घरात मराठी. म्हणूनच मला टोचतं. बंगाल्यांना वाटतं हा मराठ्यांचा, आपल्याला वाटतं बंगाल्यांचा. टिळकांसाठी खुर्ची सोडणारा माणूस टिळकांच्या महाराष्ट्रात आडनावानंसुद्धा ओळखीचा नाही. त्या पुस्तकाच्या प्रूफात मी तिन्ही ठिकाणी ‘देऊसकर’ केलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘मूळ गाव देऊस, कोकण’. जुळाऱ्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता, तरी लिहिलं.

सी-२०२: 🙏

बी-४०२: काका, आम्ही पुन्हा देवघरला जाणार आहोत कार्तिकात. करौं लांब आहे का तिथून?

ए-५०४: त्याच जिल्ह्यात आहे, काकू. गेलात तर एक फोटो आणा गावाचा. मला आता एवढा प्रवास झेपणार नाही.

बी-४०२: आणते. नक्की आणते.

बी-१०३: काका, लेक विचारतेय, पुस्तक बघायला मिळेल का? तिला ते चित्तविजयचं प्रकरण वाचायचंय. हिंदी तिला येतं.

ए-५०४: माझ्याकडची हिंदी प्रत आहे, कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत तेवढ्या खपवून घ्या. रविवारी पाच वाजता क्लब हाउसमध्ये येतो. तिला वही घेऊन यायला सांग.

सी-२०२: मी पण येते. भावाला आत्ताच मेसेज केला, तो कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, पुस्तकांच्या बाजारात, बंगाली प्रत बघतोय. मिळाली नाही तर त्या प्रकरणाच्या पानांचे फोटो तरी पाठवेल. मी बंगालीतून वाचते, काका हिंदीतून वाचतील, ती मराठीत लिहून घेईल.

सेक्रेटरी: रविवारी ५ ते ७ क्लब हाउस बुक केलं आहे. भाडं नाही. मीही येतोय.

ए-५०४: आणि भाषणाच्या कागदावर आडनाव नीट लिहायला सांग हं तिला. ऊ दीर्घ.