दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर जातो, फिरताना शांत कसा ठेवायचा?

तिसरा_मजला_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझा कुत्रा नर आहे, गावठी आणि लॅब्राडोरचा मिश्र, अडीच वर्षांचा, १८ किलो. घरात एकदम गरीब. गेटच्या बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की लीश ताणून भुंकायलाय, मागच्या पायांवर उभा राहायलाय. हल्ली ॲक्टिव्हाच्याही मागं लागायलाय. ३० मीटरवर कुत्रं असलं तर टक लावून बघतो, १० मीटरवर आलं की त्याला माझं काही ऐकूच येत नाही. गळ्यात साधा पट्टा आणि ५ मीटरची आपोआप गुंडाळणारी लीश आहे. मी एकटीच फिरवते, सकाळी ७ आणि रात्री ९ वाजता. गल्लीत सात-आठ मोकाट कुत्री कायमची. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून दोन झटके द्या, वचक बसेल असं सांगतात लोक, मन होईना. सुरुवात कुठून करू?

पंजा_आणि_पट्टा

ताई, मन होईना तेच बरोबर आहे. चोक चेनचा झटका बसतो तो नेमका दुसरं कुत्रं समोर असताना. कुत्र्याच्या डोक्यात हिशेब साधा बसतो: ते आलं की माझा गळा दुखतो. मग पुढच्या वेळी तो आणखी लांबूनच त्याला हाकलायला बघतो. काही कुत्री झटक्यांनी गप्प होतात, पण भीती आत तशीच राहते आणि गुरगुरणं बंद झाल्यामुळं इशारा न देता चावतात. गुरगुरला म्हणून कधीही रागावू नका, ती त्याची सभ्य सूचना आहे.

तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. ३० मीटरवर तो बघतो पण अजून भानावर असतो. म्हणजे काम ३५-४० मीटरवर सुरू करायचं. १० मीटरवर जाऊन शिकवणं म्हणजे पुरात पोहायला शिकवणं.

आधी सामान बदला. गुंडाळणारी लीश काढून टाका: ती कायम ताणलेली असते, आणि १८ किलोचा कुत्रा धावत शेवटाला पोचला की हँडल हातातून निसटतं. २ ते अडीच मीटरची साधी कापडी लीश आणि छातीवर इंग्रजी 'वाय'सारखा आकार येणारा हार्नेस घ्या, पुढं छातीवर कडी असलेला. खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा नको, त्यात पाय मोकळा पडत नाही. लीश हातात सैल, मधे झोळ पडलेला हवा. ती ताणली की कुत्र्याची मान वर येते, छाती पुढं येते आणि समोरच्या कुत्र्याला तो भांडायला आलाय असंच दिसतं.

खाऊ रोजच्या किबलचा (कोरड्या दाणेदार खाद्याचा) चालणार नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, शेंगदाण्याएवढे तुकडे. दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरे, त्यात साठेक तुकडे होतात; तेवढं त्याच्या जेवणातून कमी करा. कांदा-लसूण पडलेलं काही नको, ते कुत्र्यांना विषारी.

पहिला आठवडा फक्त घरात. एक छोटा शब्द ठरवा, 'हां' चालेल. 'हां' म्हणायचं, लगेच तुकडा द्यायचा. १०-१५ वेळा, दिवसातून दोनदा. मग 'चल मागं' म्हणून हॉलमध्ये उलटं वळायचं आणि पायाशी आला की तुकडा. हे वळणं झोपेत जमेल इतकं पक्कं करा, जिन्यात आणि पार्किंगमध्येही. रस्त्यावर तुम्हाला वाचवणार ते हेच.

मग बाहेर. क्रम सोडू नका: आधी कुत्रं दिसायचं, मग तुकडा. त्यानं पाहिलं की 'हां', तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. कुत्रं नजरेआड झालं की तुकडे बंद. बहुतेक जण इथंच चुकतात, कुत्रं दिसायच्या आधीच घाईनं खाऊ नाकाशी धरतात. मग खाऊ दिसला की कुत्रं येणार असं तो शिकतो आणि खिशात हात घातला तरी बिथरतो. काही दिवसांनी कुत्रं दिसल्यावर तो आपणहून तुमच्याकडं वळून बघेल. सलग चार-पाच फेऱ्यांत असं झालं की अंतर २-३ मीटरनं कमी करा, एकदम नाही.

अंतर चुकलं हे तोंडावरून कळतं. तोंड मिटलं, कान पुढं, अंग ताठ, वजन पुढच्या पायांवर, तुकडा घेताना बोटाला दात लागले: लगेच 'चल मागं'. तुकडाच घेतला नाही तर आधीच उशीर झालाय, तिथं शिकवू नका, फक्त लांब न्या.

सात_रस्ता

वरचं सगळं पटलं, पण आपल्याकडं ३५ मीटर अंतर कुठल्या गल्लीत मिळतं? दोन्ही बाजूंनी टोळी येते. म्हणून शिकवायची जागा आणि शी-शूची जागा वेगळ्या ठेवा. शी-शूसाठी गेटजवळ पाच मिनिटं, परत वर. शिकवायला आठवड्यातून तीन-चारदा मोकळ्या जागी न्या, जिथं दोन्ही टोकं लांबून दिसतात. विजापूर रोडवर कंबर तलावाच्या बाजूला सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, तिथं आत्ता नको. नव्या लेआउटचे रिकामे प्लॉट बरे.

मोकाट कुत्र्यांचं वागणं त्यांच्या हद्दीवर चालतं. कोणती टोळी कुठल्या खांबापासून कुठल्या टपरीपर्यंत, हे दोन दिवस कुत्र्याशिवाय फिरून बघा आणि वाट ठरवा. कानाचं टोक कापलेलं असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे.

टोळी आलीच तर पळू नका, पळालं की पाठलाग ठरलेला. उभी रिक्षा किंवा गाडी मधे घ्या, नजर तुटली की निम्मा जोर जातो. मूठभर किबल त्यांच्या *मागच्या* बाजूला फेका आणि वळसा घेऊन निघा. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं की ती मागं सरतात हे खरं, पण तुमचाही कुत्रा त्यानं दचकतो. बटण दाबून उघडणारी छत्री जास्त चांगली. आधी घरात हळूहळू उघडून त्याला सवय लावा.

खुरारा

ॲक्टिव्हाचं वेगळं बघा, तिथं बहुतेकदा भीतीपेक्षा हलणाऱ्या वस्तूमागं धावायची ओढ असते. पार्किंगमध्ये बंद गाडीशेजारी सुरुवात. शांत राहिला की इंजिन चालू, गाडी जागेवर. मग शेजाऱ्यांना १५ मीटरवरून अगदी हळू न्यायला सांगा. वेग आणि अंतर एकाच दिवशी बदलायचं नाही.

पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा. कान, दात, कंबर, गोचीड ताप. दुखणाऱ्या कुत्र्याला चिकन खाऊ घालून दुखणं जात नाही. नसबंदीनं हे आपोआप थांबेल असं धरू नका. भित्र्या कुत्र्यात ती कधी करायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

सकाळी ७ ची वेळ बदला. साडेपाचला रस्ता मोकळा असतो. एप्रिल-मेमध्ये तर ते हवंच. हाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही भाजणार. संध्याकाळी डांबर उशिरापर्यंत तापलेलं राहतं.

तिसरा_मजला_जुळे_सोलापूर

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. बाहेर गेल्यावर तो चिकनसुद्धा हुंगून सोडतो, मग काय? आणि तोंडाला जाळी घालू का?

पंजा_आणि_पट्टा

ताई, चिकन सोडतो म्हणजे गेटच त्याच्यासाठी जड झालंय. गेटच्या आत, पार्किंगमध्ये बसा. दहा मिनिटं नुसतं हुंगू द्या, जमिनीवर पाच-सात तुकडे टाका. तिथं खाऊ लागला की मगच गेटबाहेर.

मोठा तमाशा झाला त्यानंतर दोन-तीन दिवस अवघड फेरी नकोच. अंगातला ताण तासाभरात उतरत नाही. त्यावर दुसरा प्रसंग आला की एरवी चालणारं अंतरही त्याला पेलत नाही. जानेवारीत गड्डा यात्रेतलं शोभेचं दारूकाम आणि दिवाळीचे फटाके, या दिवसांत शिकवणं बंद. गच्चीवर टॉवेलच्या घड्यांत किबल लपवून शोधायला लावा, नाक चाललं की डोकं थंड होतं.

जाळी घाला, पण पिंजऱ्यासारखी, ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. कापडी, तोंड आवळणारी घालून सोलापूरच्या उन्हात चालवू नका; कुत्रा धापा टाकूनच अंग गार ठेवतो, ते बंद झालं की उष्माघात. सवय लावायला जाळीच्या आत चिकन ठेवा आणि आठवडाभर तोंड त्यालाच घालू दे. मग काही सेकंद पट्टा लावा, मग मिनिटभर, मग पाच.

आणि भुंकण्याच्या भरात असताना मानेला हात घालू नका. त्या क्षणी तो वळून तुम्हालाही चावू शकतो, मुद्दाम नव्हे. चावलाच, आपला असो वा मोकाट, तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, लसीचं विचारा. हळद-चुना काही लावू नका.