पापवा सेवगोलम: पावसातल्या करंडकापलीकडची कारकीर्द

प्रश्न: हिरवळ
दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे गोल्फपटू सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम यांच्याविषयी काहीही वाचायला घेतले, की आधी १९६३ची हकीकत समोर येते. नाताळ ओपन (तिथल्या नाताळ प्रांताची गोल्फ स्पर्धा) जिंकूनही वर्णभेदी कायद्यांमुळे त्यांना क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवता आले नाही आणि गोरी मंडळी आत आडोशाला असताना या विजेत्याने भर पावसात बाहेर उभे राहून करंडक स्वीकारला. हा अपमान विसरण्याजोगा नाहीच. पण लोक तेवढेच सांगून थांबतात, याची मला रुखरुख वाटते. गिरमिटिया मजुरांच्या वंशात जन्मलेले, शाळा जवळजवळ न पाहिलेले हे कॅडी (म्हणजे गोल्फपटूंची दांड्यांची पिशवी वाहणारे) खेळाडू म्हणून किती मोठे होते? शिवाय गोल्फच्या दांड्यावरची त्यांची पकड उलटी होती, म्हणजे नेमके काय?

प्रतिसाद: लांबपल्ला
पकडीपासून सुरुवात करतो. उजव्या बाजूने खेळणारा गोल्फपटू दांड्याच्या वरच्या टोकाशी डावा हात ठेवतो आणि त्याखाली उजवा. आपला उजवा फलंदाज बॅट धरतो तसेच. पापवा उभे राहत उजव्या खेळाडूसारखेच, पण त्यांचा उजवा हात वर आणि डावा खाली असे. घरात बॅट असेल तर हातांची अशी अदलाबदल करून जोरात फिरवून पाहा. चेंडूपाशी येताना हात एकमेकांना अडवतात आणि मनगटे मोकळेपणी वळत नाहीत. कोणताही प्रशिक्षक ही पकड पहिल्याच दिवशी मोडून काढील. पटिंग करताना, म्हणजे छिद्राजवळून चेंडू आत ढकलताना, डावा हात खाली घेणारे नामवंत आज पुष्कळ आहेत, जॉर्डन स्पीथ त्यांतलेच. मात्र तिथे चेंडू हळुवार ढकलायचा असतो. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या खुंटीवरून, पूर्ण ताकदीने फटका मारतानाही तीच पकड ठेवून व्यावसायिक स्पर्धा जिंकणे ही निराळीच करामत होती. बीचवुडच्या मैदानावर कॅडीचे काम करता करता ते आपले आपण शिकले, आणि त्यांना कोणी ‘सुधारले’ नाही हे फार बरे झाले, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद: सागरवेळ
त्यांचे मोठेपण निकालांतून दिसते. ऑइल ऑफ ओले या क्रीमचे जनक ग्रॅहम वुल्फ यांच्या मदतीने ते १९५९मध्ये युरोपात गेले आणि त्याच वर्षी डच ओपन जिंकले. पुढे १९६० आणि १९६४मध्येही ती स्पर्धा त्यांनीच जिंकली. १९६३च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिदमच्या मैदानावर, ते तेराव्या स्थानी राहिले. (ती स्पर्धा जिंकणारे बॉब चार्ल्स डाव्या बाजूने खेळत, हाही एक योगच.) तरीही मला विचाराल तर खरे वजन १९६५च्या नाताळ ओपनला आहे, कारण तिथे त्यांनी दक्षिण आफ्रिकेचेच गोरे गोल्फपटू गॅरी प्लेयर यांना मागे टाकले. गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी (ब्रिटिश ओपन, मास्टर्स, पीजीए आणि यूएस ओपन) तिघांची विजेतेपदे तोवर प्लेयर यांच्या नावावर जमा होती आणि चौथे, म्हणजे यूएस ओपन, त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये मिळवले. पापवांनी हरवला तो ऐन भरातला प्लेयर.

हिरवळ
मनापासून आभार. मग १९६५नंतर त्यांचे नाव एकदम दिसेनासे का होते?

प्रतिसाद: जुना वाचक
कारण त्यांना खेळूच दिले नाही. गोऱ्यांसोबतच्या मिश्र स्पर्धांत उतरण्यासाठी लागणारी सरकारी परवानगी १९६६पासून नाकारली जाऊ लागली आणि पासपोर्टही काढून घेतल्यामुळे परदेशातली वाटही बंद झाली. म्हणून तो पाऊस बाजूला ठेवून त्यांची कारकीर्द सांगावी, हे मला पटत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना दाराबाहेर उभे केले, तिनेच त्यांना पुढे मैदानाबाहेर काढले. आज डर्बनमध्ये एका गोल्फ मैदानाला त्यांचे नाव आहे, पण ते स्वतः १९७८मध्ये, पन्नाशीच्या आसपास, हलाखीत वारले. मधल्या वर्षांत काय हिरावले गेले याचा अंदाज प्लेयर यांनी त्यानंतर जिंकलेल्या मोठ्या स्पर्धांवरून बांधता येतो: १९६८ आणि १९७४ची ब्रिटिश ओपन, १९७२ची पीजीए, १९७४ची मास्टर्स, आणि पापवा गेले त्याच वर्षी पुन्हा मास्टर्स.